मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हर आणि त्यांची काडतुसे: अमेरिकेतील नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

ज्या रिव्हॉल्व्हरची नळी साधारणपणे ०.४० इंच किंवा त्याहून अधिक व्यासाची असते, त्याला अमेरिकेतील हौशी मंडळी ‘बिग बोअर’ म्हणतात. .४१ मॅग्नम, .४४ स्पेशल, .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, .४५४ कॅसूल, .४८० रुगर आणि .५०० स्मिथ अँड वेसन ही त्या कुळातील नेहमी कानावर पडणारी नावे आहेत. १९३५ साली आलेले .३५७ मॅग्नम ताकदीने काही कमी नाही, पण व्यासाने लहान असल्यामुळे ते या पंगतीत बसत नाही.

या छंदाकडे बहुतेक जण आवाजाच्या आणि धक्क्याच्या ओढीने येतात, आणि त्यांपैकी पुष्कळ जण त्याच धक्क्याला कंटाळून लवकरच रिव्हॉल्व्हर विकायला काढतात. वापरलेल्या शस्त्रांच्या कपाटात एखादे कोरे दिसणारे .४४ मॅग्नम आणि शेजारी पाच-सहाच काडतुसे कमी झालेली पेटी दिसली, की मागची हकिगत कोणी सांगावी लागत नाही. हे टाळायचे असेल तर रिव्हॉल्व्हर जड घ्यावे, काडतूस मवाळ घ्यावे आणि ताकद हळूहळू वाढवावी. पुढील सर्व पायऱ्या याच धोरणाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: आपण शस्त्र हाती धरू शकतो का, हे तपासणे

मराठी वाचकांसाठी ही पायरी इतर कोणाहीपेक्षा महत्त्वाची आहे. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी नागरिकाला तेथील संघराज्याच्या कायद्यानुसार शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला काही मोजके अपवाद आहेत आणि त्यांतील सर्वांत प्रचलित अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेले रिव्हॉल्व्हर हाती धरणे हेसुद्धा बाळगण्यातच मोडू शकते. त्यामुळे ऑफिसातील सहकाऱ्यांनी शनिवारी रेंजवर चलण्याचा आग्रह केला, तरी आधी आपली स्थिती नीट समजून घ्यावी. एका दुपारच्या मौजेसाठी व्हिसा धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण येत नाही, परंतु परवानाधारक दुकानदाराकडून हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) विकत घेण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि पार्श्वभूमीची तपासणी होते.

त्यानंतर राज्याचा कायदा येतो. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी खरेदीचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो, इलिनॉयमध्ये शस्त्रधारकाचे ओळखपत्र लागते, कॅलिफोर्नियात काडतुसे घेतानाही तपासणी होते, तर टेक्सास किंवा ॲरिझोनात असे अडथळे पुष्कळ कमी आहेत. आपण राहतो त्या राज्याच्या पोलीस खात्याने दिलेली माहिती स्वतः वाचावी, दुकानातील गप्पांवर विसंबू नये.

दुसरी पायरी: काडतुसांची घराणी समजून घेणे

रिव्हॉल्व्हरपेक्षा काडतुसाचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काडतूस ठरले की रिव्हॉल्व्हरची निवड निम्मी आपोआप होते.

.४५ कोल्ट हे या सर्वांतील वडीलधारे काडतूस होय. १८७३ साली ते कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरसोबत अमेरिकी सैन्यात आले, तेव्हा त्यात काळी दारू भरलेली असे. काळी दारू जागा फार खाते, म्हणून त्याची पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारे धातूचे नळकांडे, लांब आणि पोटाने मोठी आहे. आज धूरविरहित दारूचे कारखानी काडतूस २५५ ग्रेनची शिशाची गोळी सेकंदाला साधारण ८६० फूट वेगाने फेकते. ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप असून ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे ही गोळी सुमारे साडेसोळा ग्रॅमची झाली. वेग माफक आणि दाब कमी असल्याने या काडतुसाचा धक्का हाताला हिसडा देत नाही, तर तळव्यात सावकाश रेटा देतो. दीडशे वर्षांनंतरही लोक ते सोडायला तयार नाहीत, याचे मुख्य कारण हेच आहे.

.४४ चे घराणे वेगळ्या वाटेने वाढले. रशियन सैन्यासाठी स्मिथ अँड वेसनने १८७० च्या दशकात जे .४४ रशियन काडतूस बनवले, त्याचीच पुंगळी लांबवून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४४ स्पेशल तयार झाले. ते अचूक होते, पण कारखान्यातून फार मवाळ भरून येत असे. आयडाहोतील पशुपालक, शिकारी आणि लेखक एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकात .४५ कोल्टमध्ये जोरकस भरणा करून पाहिला आणि रिव्हॉल्व्हर फुटल्यावर ते .४४ स्पेशलकडे वळले. त्यामागचा तर्क साधा होता: काडतुसे धरणारा फिरता सिलिंडर बाहेरून तेवढाच असताना आतले भोक किंचित लहान असेल, तर मधली पोलादी भिंत जाड राहते आणि अधिक दाब सोसते. पुढील तीस वर्षे त्यांनी कारखान्यांच्या मागे लकडा लावला. अखेर १९५५ साली रेमिंग्टनचे काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर अशा जोडीने .४४ मॅग्नम जन्माला आले. हे रिव्हॉल्व्हर पुढे मॉडेल २९ म्हणून ओळखले गेले. १९५६ मध्ये रुगरचे ब्लॅकहॉक आले आणि सामान्य ग्राहकाला परवडणारे .४४ बाजारात उपलब्ध झाले. १९७१ मधील एका पोलीसपटाने त्याची कीर्ती चौफेर केली, पण ज्यांनी ते मागून घेतले होते ते शिकारी होते, पोलीस नव्हते.

नवशिक्याला उपयोगी पडणारी खरी गोष्ट अशी की .४४ मॅग्नमची पुंगळी १.२८५ इंच लांब असते आणि .४४ स्पेशलची १.१६ इंच, व्यास मात्र एकच असतो. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल बिनधोक चालते. स्पेशलची कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच १५,५०० पौंड आहे आणि मॅग्नमची ३६,०००. एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये इतका मोठा पल्ला मिळतो, म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी .४४ मॅग्नमचेच नाव घेईन. .४१ मॅग्नम १९६४ साली आले. काडतूस गुणी आहे, पण दुकानात सहज मिळत नाही, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

ही सोय एकाच दिशेने चालते, हे पक्के लक्षात असावे. .४५ कोल्ट हे .४५४ कॅसूलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालते आणि ही दोन्ही .४६० स्मिथ अँड वेसनमध्ये चालतात; .४८० रुगर हे .४७५ लाइनबॉमध्ये चालते. उलट दिशेने काहीही चालत नाही, आणि लांब काडतूस लहान घरात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, चुकून बसलेच तरी ते झाडू नये.

तिसरी पायरी: पेटी वाचायला शिकणे

काडतुसांच्या पेटीवर नाव, गोळीचे ग्रेनमधील वजन, गोळीचा प्रकार आणि वेग छापलेला असतो. पुंगळीच्या बुडावर, प्रायमरभोवती (दारू पेटवणाऱ्या टोपीभोवती), तेच नाव ठशाने उमटवलेले असते. ते आणि नळीवर कोरलेले नाव तंतोतंत जुळले पाहिजे. नुसते ‘पंचेचाळीस’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण पिस्तुलात चालणारे .४५ एसीपी हे .४५ कोल्टहून पूर्णपणे निराळे काडतूस आहे.

.४५ कोल्टबाबत आणखी एक सापळा आहे. या काडतुसाची मान्य दाबमर्यादा १४,००० पौंड आहे, परंतु काही उत्पादक त्याच पुंगळीत त्याच्या दुपटीच्या आसपास दाबाचा भरणा करून विकतात आणि तो फक्त रुगर ब्लॅकहॉक किंवा फ्रीडम आर्म्ससारख्या भक्कम रिव्हॉल्व्हरसाठी असल्याचे पेटीवर बजावतात. अशी काडतुसे जुन्या कोल्टमध्ये किंवा त्याच्या इटालियन प्रतिकृतीत घातली, तर सिलिंडर फुटू शकतो. ती मूळ पेटीतून काढून दुसऱ्या डब्यात कधीही ठेवू नयेत, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

सुरुवातीला ‘काउबॉय लोड’ म्हणून विकली जाणारी मंद, शिशाच्या गोळीची काडतुसे किंवा साधे .४४ स्पेशल घ्यावे.

चौथी पायरी: रिव्हॉल्व्हरची निवड

येथे दोन जाती आहेत. सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो आणि काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून भरावी लागतात. डबल ॲक्शनमध्ये चाप ओढल्यावर घोडा आपोआप मागे जाऊन पडतो आणि सिलिंडर बाजूला उघडतो. मोठ्या बोअरसाठी सिंगल ॲक्शनची संथ लय नवशिक्याला हितकारक ठरते, कारण दर गोळीनंतर त्याला थांबून हात पुन्हा जुळवावा लागतो. शिवाय कोल्टच्या धाटणीची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ धक्क्याबरोबर तळव्यात वर सरकते आणि बराचसा जोर त्या सरकण्यातच जिरतो. मात्र रुगर सुपर ब्लॅकहॉकच्या काही नमुन्यांत चापाभोवतीच्या कडीची मागची बाजू चौकोनी असते आणि ती जोरकस काडतुसाला मधल्या बोटाच्या पेरावर नेमकी आपटते. हाताच्या ठेवणीनुसार कोणाला याचा त्रास होतो, कोणाला होत नाही. म्हणून विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन पाहावे.

जुने रिव्हॉल्व्हर घेताना एक गोष्ट विचारूनच घ्यावी. कोल्टच्या मूळ रचनेत आणि १९७३ पूर्वीच्या रुगरमध्ये घोड्याखाली भरलेले घर ठेवल्यास, रिव्हॉल्व्हर पडून घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याचा रिवाज आहे. १९७३ पासून रुगरने ट्रान्सफर बार बसवला. चाप पूर्ण ओढला असेल तरच ही पट्टी घोडा आणि प्रायमरवर आपटणारी फायरिंग पिन यांच्यामध्ये येते, त्यामुळे आधुनिक नमुन्यात सहाही घरे भरता येतात.

डबल ॲक्शनमध्ये स्मिथ अँड वेसनचे स्टेनलेस पोलादाचे मॉडेल ६२९ आणि रुगरचे रेडहॉक किंवा सुपर रेडहॉक हे भरवशाचे पर्याय आहेत. वजन सव्वा किलोच्या वर आणि नळी सहा इंच किंवा त्याहून लांब असावी. हलक्या मिश्रधातूचे, सातशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे .४४ मॅग्नमही मिळते. डोंगरात दिवसभर कमरेला बाळगणाऱ्यांसाठी ते ठीक असेल, पण शिकण्यासाठी त्याहून वाईट साधन शोधून सापडणार नाही. मुठीचे म्हणाल तर जुन्या घडणीची चकचकीत लाकडी मूठ दिसायला देखणी असते, पण रेंजवर हातात रबराची मूठच सुखाची वाटते.

पाचवी पायरी: रेंजवरचा पहिला दिवस

कानांत बोळे आणि त्यांवर इअरमफ अशी दुहेरी व्यवस्था हवी. बंद रेंजमध्ये शेजारच्या मार्गिकेतील मॅग्नमही कानठळ्या बसवते. डोळ्यांना चष्मा सक्तीचा समजावा. रिव्हॉल्व्हर नेहमी भरलेलेच आहे असे धरून चालावे, नळी जिकडे गोळी जायला हरकत नाही तिकडेच राहावी, नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर असावे आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असावे. हे चार नियम मोठ्या बोअरसाठी वेगळे नाहीत; फक्त चुकीची किंमत अधिक आहे.

रिव्हॉल्व्हर धरताना पुढील काळजी घ्यावी. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या जाडीची फट असते आणि गोळी सुटताना त्या फटीतून तप्त वायू व शिशाचे कण दोन्ही बाजूंना धारदार वेगाने फेकले जातात. पिस्तूल चालवण्याची सवय असलेले लोक आधाराच्या हाताचा अंगठा पुढे ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर तो अंगठा त्या फटीशी येतो. .४६० आणि .५०० च्या बाबतीत ही धार बोटाला गंभीर इजा करू शकते. म्हणून दोन्ही अंगठे मागे, एकावर एक ठेवावेत आणि कोणतेही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेच्या पुढे जाऊ देऊ नये. कोपर किंचित वाकवलेले असावेत. धक्का अडवू नये, तो हातांना वर नेईल तसा जाऊ द्यावा.

पहिल्या वेळी, आणि पुढे प्रत्येक नव्या जोरकस काडतुसाच्या वेळी, सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरावे. हा नियम धीर नसलेल्यांना बाळबोध वाटतो, पण त्यामागे कारण आहे. भारी रिव्हॉल्व्हर धक्क्याने हातात उसळते, ते निसटू नये म्हणून मूठ आपोआप आवळली जाते, त्यासोबत चापावरचे बोटही आवळले जाते आणि डबल ॲक्शनमध्ये दुसरी गोळी नळी छताकडे असताना सुटते. .५०० पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांकडून असे अपघात झालेले आहेत. मित्राला हौसेने एक गोळी झाडू देतानाही हाच नियम पाळावा.

लक्ष्य सात ते दहा मीटरवर ठेवावे आणि एका खेपेला तीस-चाळीस काडतुसांवर जाऊ नये. मनगट दुखू लागले की शिकणे थांबते.

सहावी पायरी: दचकणे ओळखणे

गोळ्या लक्ष्याच्या खाली जाऊ लागल्या, तर बहुधा नेम धरण्याची साइट दोषी नसते. धक्क्याच्या अपेक्षेने नेमबाज चाप ओढण्याच्या क्षणी मनगट खाली दाबतो आणि त्याला ते कळतही नाही, कारण पुढच्याच क्षणी येणारा धक्का सगळे झाकून टाकतो. यावरचा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. जोडीदाराने सिलिंडरमध्ये काही भरलेली काडतुसे आणि काही झाडलेल्या पुंगळ्या मिसळून, सिलिंडर फिरवून, रिव्हॉल्व्हर आपल्या हाती द्यावे. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला आणि नळीचे टोक खाली डुचकले, की दोष उघडा पडतो. घरी डमी काडतुसे भरून, खोलीत एकही खरे काडतूस नसल्याची खात्री करून, कोरा चाप ओढण्याचा सराव करावा. ज्यांना शक्य असेल त्यांनी .२२ चे एखादे रिव्हॉल्व्हरही सोबत बाळगावे. मोठ्या बोअरचे उत्तम नेमबाज बहुतांशी.२२ वर घडलेले असतात.

सातवी पायरी: या काडतुसांच्या खास खोड्या

धक्क्यामुळे सिलिंडरमधील न झाडलेल्या काडतुसांची पुंगळी रिव्हॉल्व्हरबरोबर मागे येते आणि गोळी जडत्वाने जागीच राहते, म्हणजे हळूहळू पुंगळीबाहेर सरकते. ती सिलिंडरच्या पुढे डोकावली की सिलिंडर फिरेनासा होतो. नवी पेटी पहिल्यांदा वापरताना पाच गोळ्या झाडाव्यात, सहावे काडतूस बाहेर काढून न वापरलेल्या काडतुसाशेजारी उभे करावे आणि लांबी ताडून पाहावी. फरक दिसला तर ती पेटी त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे अधिक घडते.

मॅग्नमच्या घरांत स्पेशल बरेच झाडले की पुंगळीच्या तोंडाशी काजळीचे कडे जमते आणि त्यानंतर मॅग्नम काडतूस शेवटपर्यंत आत जात नाही. ते अंगठ्याने रेटून बसवू नये, घरे ब्रशने घासून घ्यावीत. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करून पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची काडी तळव्याने एकदाच ठामपणे दाबावी. अर्धवट दाबली तर एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली अडकते आणि ती काढताना नखे तुटतात.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरी गोळी मुळीच झाडू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. काडतूस अजिबात पेटले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे.

पुढचा टप्पा: .४४ च्या पलीकडे

वर्षभराच्या सरावानंतर जोरकस मॅग्नम काडतुसेही स्थिर हाताने झाडता येऊ लागली, तर पुढची दालने उघडतात. डिक कॅसूल यांनी १९५० च्या दशकात .४५ कोल्टच्या लांबवलेल्या पुंगळीवर प्रयोग सुरू केले आणि १९८३ मध्ये वायोमिंगमधील फ्रीडम आर्म्सने पाच घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४५४ कॅसूल बाजारात आणले. त्याची दाबमर्यादा ६५,००० पौंड आहे. वायोमिंगचेच जॉन लाइनबॉ यांनी .४५-७० रायफलची पुंगळी कापून .४७५ आणि .३४८ विंचेस्टरची कापून .५०० ही काडतुसे घडवली. २००३ साली स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नमसाठी एक्स नावाची नवी फ्रेमच, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडाच, बनवली. लांब नळीचे हे रिव्हॉल्व्हर दोन किलोंच्या घरात जाते. माझ्या मते या गर्दीत .४८० रुगर उपेक्षित राहिले आहे. रुंद आणि जड गोळी माफक वेगाने जाते, आणि कॅसूलचा बोचरा हिसडा त्यात नाही.

या ताकदीला काम हवे असेल तर सिलुएट नेमबाजी पाहावी. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हँडगनसाठी चाललेल्या या स्पर्धेत लोखंडी कोंबड्या ५० मीटरवर, डुकरे १००, टर्की १५० आणि मेंढे २०० मीटरवर असतात; नुसता नेम लागून भागत नाही, आकृती आडवी पडावी लागते. याच्या उलट टोकाला काउबॉय नेमबाजी आहे, जिथे मवाळ .४५ कोल्ट आणि जुन्या धाटणीचा पोशाख चालतो.

या छंदात मुरलेले बरेच जण शेवटी काडतुसे स्वतः भरू लागतात, कारण कारखानी पेट्या महाग पडतात. ते शिकायचे असेल तर छापील मार्गदर्शिका, नीट जुळवलेला तराजू आणि अनुभवी माणसाची सोबत असल्याशिवाय हात घालू नये. .४५ कोल्टच्या ऐसपैस पुंगळीत मंद भरण्याची दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा टाकली तरी ती वर येत नाही. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

घरी आणि प्रवासात

रेंजवरून आल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने आणि गार पाण्याने धुवावेत, कारण शिशाची भुकटी त्वचेवर बसते. कपडे लहान मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत.

भारतात जाणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. भारतात परवान्यावर मिळणारे नेहमीचे रिव्हॉल्व्हर .३२ चे असते, आणि विनापरवाना एक काडतूस बाळगणे हादेखील शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो. सामानाच्या खिशात विसरलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर थेट गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या वारंवार येतात, आणि तेव्हा विमान तर चुकतेच, पण वकीलही करावा लागतो. म्हणून रेंजची पिशवी कायम वेगळी ठेवावी, ती प्रवासाला कधीच वापरू नये. मुंबईच्या विमानाचे सामान भरण्यापूर्वी जाकिटांचे, पँटचे आणि हातातल्या बॅगेच्या अस्तराचे खिसे उलटे करून पाहावेत, कारण .४४ ची रिकामी पुंगळी अस्तराच्या फाटलेल्या शिवणीतून आत गेली की नुसत्या चाचपण्याने हाताला लागत नाही.